न फुटलेली अंडी : हायडेलबर्गमधल्या एका शोधाचं प्रकरण

फळमाशीचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. पंचवीस अंश तापमानात ठेवलं तर साधारण दिवसभरात त्यातून अळी बाहेर पडते आणि लगेच खायला लागते. काही अंडी मात्र फुटत नाहीत, हळूहळू तपकिरी पडतात. पुण्यात मी माश्यांवर काम करत होते त्या वर्षांत अशी अंडी रोज नजरेखालून जायची. अगारच्या प्लेटवरून बारीक ब्रशनं जिवंत अळ्या उचलायच्या आणि उरलेलं सगळं धुवायला टाकायचं, हा रोजचा क्रम. त्या उरलेल्यात काय दडलेलं असतं हे मला उमगलं ते १९८४ साली छापलेला एक शोधनिबंध वाचताना. त्याच्या सारांशातला एकेक आकडा मी तेव्हा वहीत उतरवून घेतला होता. हे लेखन बरंचसं त्या आकड्यांभोवती फिरणार आहे.

प्रकरण जर्मनीतल्या हायडेलबर्गचं, १९७८ ते १९८१ या काळातलं. युरोपियन मॉलेक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी तेव्हा नुकतीच नव्या इमारतीत आली होती. तिथे दोन तरुण शास्त्रज्ञांना मिळून एक लहानसा गट दिला गेला: छत्तिशीची क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि तिच्याहून पाचेक वर्षांनी लहान असलेला अमेरिकन एरिक वीशाउस. स्वतःची प्रयोगशाळा चालवण्याची दोघांचीही ही पहिलीच वेळ. जागा थोडी, माणसं थोडी, नेमणूक कायमची नाही. अशा वेळी बहुतेक जण एखादं छोटं, हमखास निबंध देणारं काम हाती घेतात. या दोघांनी घेतलेला प्रश्न असा होता: अंड्यापासून अळीच्या शरीराचा आराखडा घडवायला एकूण किती जनुकं लागतात, आणि ती कोणती?

यातला ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा. विकासात गडबड करणारी माशीची म्युटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडलेल्या माश्या, तोवर अनेकांना सापडली होती. कॅलिफोर्नियात एडवर्ड लुइस यांनी दुसऱ्या पंखजोडीच्या जनुकांवर आयुष्य घालवलं होतं आणि त्यांचा प्रसिद्ध निबंध १९७८ सालचाच. पण ही म्युटंट सापडत ती एकेक करून, बरीचशी नशिबानं, आणि मुख्य म्हणजे माशी मोठी झाल्यावर. भ्रूण घडवायला जे जनुक लागतंच ते मोडलं तर माशी मोठी होतच नाही. ती अंड्यातच मरते. म्हणजे ज्या जनुकांनी शरीराची पहिली आखणी होते त्यांचा पुरावा असतो तो न फुटलेल्या अंड्यांत, आणि ती अंडी तर सगळेच टाकून देत होते.

इथवर पोचण्याआधीचा न्युसलाइन-फोलहार्ड यांचा रस्ता सरळ नव्हता. जन्म १९४२ चा, माग्डेबुर्गचा, वाढल्या फ्रँकफुर्टमध्ये. जीवशास्त्रज्ञ व्हायचं हे बाराव्या वर्षीच पक्कं, पण शाळेच्या गृहपाठाला कायम टाळाटाळ. डॉक्टर व्हावं का, हे पडताळायला त्यांनी महिनाभर रुग्णालयात शुश्रूषेचं काम केलं आणि नाही, हे ठरवून टाकलं. फ्रँकफुर्ट विद्यापीठातलं जीवशास्त्र रटाळ वाटलं, म्हणून ट्यूबिंगेनमध्ये नव्यानं सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमाला गेल्या. पीएच.डी. रेण्वीय जीवशास्त्रात, जिवाणूंच्या विषाणूंवर. काम चांगलं झालं होतं, विषयाला भाव होता. तिथेच राहिल्या असत्या तर करिअर सुरळीत चाललं असतं असं म्हणायला हरकत नाही. पण एव्हाना त्या विषयावरचं मन उडालं होतं.

मग १९७५ मध्ये त्या स्वित्झर्लंडला, बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. माशीचं आनुवंशशास्त्र त्यांना तोवर येत नव्हतं. तिशी ओलांडल्यावर पुन्हा पहिल्या पायरीवर बसून माश्यांचे डोळे, केस, पंखांच्या शिरा ओळखायला शिकायचं, हे सोपं नाही. मी माश्यांकडे विशीत आले तरी व्हर्जिन, म्हणजे नराशी अजून संबंध न आलेल्या, माद्या ओळखायला मला तीन आठवडे लागले होते. बाझेलला त्यांनी ‘बायकॉडल’ नावाच्या म्युटंटवर काम केलं. त्यातल्या काही भ्रूणांना डोकंच नसतं, दोन्ही टोकांना शेपूट. हे बघायचं तर अपारदर्शक अंडं आरपार दिसायला हवं आणि एकाच वेळी पुष्कळ माद्यांची अंडी वेगवेगळी गोळा करता यायला हवीत. या दोन्ही गोष्टींच्या युक्त्या त्यांनी तिथेच बसवल्या. वीशाउस यांची ओळखही तिथलीच. त्यांचं डॉक्टरेटचं कामही गेरिंग यांच्याकडचंच. बाझेलनंतर फ्रायबुर्गला क्लाउस झांडर यांच्याकडे थोडा काळ, आणि मग हायडेलबर्ग.

निबंधात तीन ओळींत आटोपलेला भाग म्हणजे प्रयोगाची मांडणी. माझ्या मते सगळं यश तिथे आहे, म्हणून तो जरा सावकाश सांगते.

नर माश्यांना साखरेच्या पाण्यातून ईएमएस नावाचं रसायन पाजायचं. त्यानं शुक्रपेशींतल्या डीएनएमध्ये विखुरलेले बदल होतात. कुठला बदल कुठे झाला हे कोणालाच माहीत नसतं. त्या नरांच्या संततीतून एकेक नर वेगळा काढून प्रत्येकाचं घराणं वाढवायचं, म्हणजे एका घराण्यात एकच बिघडवलेलं गुणसूत्र राहील. एका प्रतीत बिघाड असला तरी माशी जगते, कारण दुसरी प्रत शाबूत असते. मग त्या घराण्यातल्या भावाबहिणींचा आपसात संकर करायचा. त्यांच्या संततीत चौथा हिस्सा असा निघतो की दोन्ही प्रती बिघडलेल्या. बिघाड जीवघेणा असेल तर तेवढी अंडी किंवा अळ्या मरतात.

कागदावर हे सोपं दिसतं. घराणी हजारोंनी करायची म्हटली की हात टेकावे लागतात, कारण प्रत्येक संकराला व्हर्जिन माद्या लागतात. माशीची मादी आधीच्या नराचं वीर्य साठवून ठेवते, त्यामुळे कोशातून बाहेर पडल्यावर आठेक तासांच्या आत ती वेगळी केली नाही तर संकराचा भरवसा राहत नाही. पहाटे एकदा, दुपारी एकदा, रात्री एकदा व्हायली, म्हणजे माश्या ठेवायच्या छोट्या बाटल्या, रिकाम्या करायच्या. शिवाय नको असलेली भावंडं हातानं निवडून काढायची. पाच हजार घराण्यांना हे करायला प्रयोगशाळाभर माणसं लागली असती.

त्यावरचा तोडगा होता तापमान वाढलं की मारून टाकणारं एक गुणसूत्र. संकरात नको असलेल्या सगळ्या माश्यांकडे हे गुणसूत्र जाईल अशी जोडणी आधीच करून ठेवायची आणि व्हायली उबदार खोलीत ठेवायच्या. नको त्या माश्या आपोआप मरतात, उरतात त्या नेमक्या हव्या असलेल्या भावाबहिणी. त्यांचा आपसातच संकर व्हायचा असल्यानं व्हर्जिन निवडण्याचा प्रश्नच संपतो. काम खोलीची ऊब करते, माणूस नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांच्या रंगाची. बिघडवायला घेतलेल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर सिनाबार आणि ब्राउन ही डोळ्यांचा रंग बदलणारी दोन जुनी चिन्हं होती. दोन्ही प्रती त्याच असल्या की माशीचे डोळे पांढरे होतात. व्हायल उजेडाकडे धरायची. पांढऱ्या डोळ्यांची एकही माशी दिसली नाही, तर समजायचं की या गुणसूत्रावर जीवघेणा बिघाड आहे. माश्या बेशुद्ध करायला नकोत, मोजायला नकोत, सूक्ष्मदर्शक नको. ज्यानं माश्यांची मोजणी केली आहे त्याला या सोयीची किंमत कळेल.

आता वहीतले आकडे. दुसऱ्या गुणसूत्रासाठी ५,७६४ घराणी केली. त्यातल्या ४,२१७ मध्ये जीवघेणा बिघाड होता. निबंधात पुढे म्हटलंय की एकूण जीवघेणे बिघाड ७,६०० झाले असावेत. एका घराण्यात एक बिघाड की तीन, हे तर दिसत नाही, मग ७,६०० कुठून आले? मी हे एका संध्याकाळी सोडवत बसले होते. ज्या घराण्यांत काहीच बिघडलं नाही ती १,५४७, म्हणजे शेकडा सुमारे २७. बिघाड जर मनमानी पडत असतील तर शून्य मार बसलेल्यांच्या प्रमाणावरून सरासरी मार काढता येतो. ती येते दर घराण्यामागे १.३ च्या आसपास. ५,७६४ ला तिनं गुणलं की आकडा ७,६०० च्या अगदी जवळ येतो. रसायनाचा डोस किती ठेवावा याचं उत्तरही यातच आहे. कमी दिला तर बहुतेक घराणी कोरी निघतात आणि मेहनत वाया जाते. जास्त दिला तर एकाच भ्रूणात तीन-चार जनुकं मोडतात आणि कोणामुळे काय बिघडलं हे वाचता येत नाही.

पुढची पायरी अंड्यांची. एकमेकांना जोडलेल्या नळ्यांच्या ठोकळ्यात एकेका घराण्याच्या माश्या सोडायच्या आणि ठोकळा अगारवर उलटा ठेवायचा, म्हणजे प्रत्येक घराण्याची अंडी आपापल्या जागी पडतात. ज्या घराण्यांत पाव हिस्सा किंवा अधिक अंडी फुटली नाहीत अशी २,८४३ निघाली. ती अंडी सोलून, टिकवून, पारदर्शक करून काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. हे सगळं काम हिल्डेगार्ड क्लुडिंग या सहायक आणि हे दोघे, इतक्याच माणसांच्या बळावर उभं होतं. निबंधावर क्लुडिंग यांचं नाव लेखक म्हणून आहे, आणि ते तसंच असायला हवं होतं.

सूक्ष्मदर्शक दोन जणांनी एकाच वेळी पाहण्याचा होता. समोरासमोर बसायचं, काचपट्टी एकच, डोळ्यांच्या भिंगांच्या जोड्या दोन. मला या व्यवस्थेचं फार अप्रूप आहे. एकट्यानं बघणारा माणूस दुपारनंतर थकतो आणि ‘नेहमीसारखंच’ म्हणून पट्टी बाजूला ठेवतो. समोर दुसरा असला की म्हणतो, थांब, तो चौथा पट्टा बघ.

पट्टा म्हणजे काय हे सांगायला हवं. अळीच्या पोटाच्या बाजूला, छातीच्या तीन आणि पोटाच्या आठ खंडांवर, बारीक दातांच्या आडव्या ओळी असतात. अळी त्यांच्या आधारानं सरपटते. पारदर्शक केलेल्या मृत भ्रूणाचं आतलं सगळं विरघळून जातं, पण हे कवच शाबूत राहतं. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे ते पट्टे म्हणजे मेलेल्या अळीनं मागे ठेवलेला स्वतःचा नकाशा. कुठला पट्टा आहे, कुठला गळला, कुठला उलटा झाला हे मोजता येतं.

२,८४३ घराण्यांपैकी बहुतेकांत नकाशा नेहमीसारखाच निघाला. अळी मेली होती पण दुसऱ्या कशानं तरी. स्पष्टपणे वेगळा नकाशा असलेली म्युटंट निघाली २७२. त्यांचा एकमेकांशी संकर करून कोणती दोन एकाच जनुकातली आहेत ते तपासलं, तेव्हा २७२ म्युटंटच्या मागे फक्त ६१ जनुकं होती. यातली ४८ एकापेक्षा जास्त वेळा सापडलेली, सरासरी ५.४ वेळा. तेरा जनुकं फक्त एकदाच.

या प्रकरणाचा गाभा मला याच दोन आकड्यांत दिसतो. शोध कधी थांबवायचा? नवं काही मिळेनासं झालं की, हे उत्तर कोणीही देईल, पण ते सिद्ध कसं करायचं? पुनरावृत्ती मोजून. तेच जनुक पाचव्यांदा, सहाव्यांदा हाताला लागतंय याचा अर्थ तळ जवळ आलाय. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत, एकदाच सापडलेल्यांकडेही त्यांनी बघितलं. सगळी जनुकं सारख्याच सहजतेनं बिघडणारी असती, तर एकदाच सापडलेली तीन-चार निघायला हवी होती. निघाली तेरा. म्हणजे काही जनुकं मोठी, सहज मार खाणारी. काही लहान, क्वचितच सापडणारी. आणि थोडी अजून निसटलेली असणारच. म्हणून निबंधात शब्द वापरलाय ‘बहुसंख्य’. सगळी सापडली असं कुठेही म्हटलेलं नाही. इतकी वर्षं झाली तरी तो शब्द मागे घ्यावा लागलेला नाही.

तिन्ही मोठ्या गुणसूत्रांचं काम गेर्ड युर्गेन्स यांच्या साथीनं पुरं झालं तेव्हा घराणी सुमारे २७ हजार झाली होती, आणि अळीचा आराखडा बिघडवणारी जनुकं सुमारे १२०. माशीच्या हजारो जनुकांपैकी अवघी एवढी. आकडा मोठा असता तर हा प्रश्न पुढच्या पिढ्यांवर सोडावा लागला असता. १२० म्हणजे एकेकाचा पाठपुरावा करता येण्याजोगा.

पहिला निबंध त्याआधीच, ३० ऑक्टोबर १९८० रोजी ‘नेचर’मध्ये आला. त्यात खंडांशी संबंधित १५ जनुकं होती आणि ती तीन गटांत पडत होती. पहिल्या गटात सलग मोठा भाग गायब: क्रुपेल म्युटंटमध्ये छाती आणि पोटाचा पुढचा भागच नाही. तिसऱ्या गटात प्रत्येक खंडातला ठरावीक तुकडा बिघडलेला: एकात दातांमधली गुळगुळीत जागा नाहीशी होऊन आखूड अळी अंगभर काटेरी दिसते, म्हणून नाव हेजहॉग. आणि मधला गट सगळ्यांना चकित करणारा. तिथे एकाआड एक भाग गळलेला. एकात सम क्रमांकाचे खंड नाहीत, एकात विषम. तयार अळीकडे बघून दोन-दोन खंडांचं असं काही माप वापरलं जात असेल हे कोणाला सुचण्यासारखं नव्हतं. भ्रूण आधी मोठे पट्टे आखतो, मग जोड्या, मग एकेक खंड, हा क्रम त्या मेलेल्या अळ्यांनी दाखवून दिला.

त्याच दशकात मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दीकी आणि केनियात गोमंतकीय आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज चव आणि वास न कळणाऱ्या माश्या शोधत होते. प्रश्न वेगळा, पण मार्ग तोच: जनुक बिघडवा आणि काय हरवतं ते पाहा. आपल्याकडच्या माश्यांच्या प्रयोगशाळांची बरीचशी वंशावळ तिथे जाऊन भिडते. रॉड्रिग्ज २०१० मध्ये गेल्या. त्यांच्यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे.

हायडेलबर्गच्या शोधाला एक आंधळी बाजू होती आणि ती मांडणीतच होती. यात सापडतात ती भ्रूणाची स्वतःची जनुकं. पण अंडं घडवताना आई त्यात जे भरून ठेवते त्याची जनुकं आईची असतात. ती मोडली तर मुलगी ठणठणीत, आणि तिची सगळी अंडी बिघडलेली. त्यासाठी एक पिढी पुढे जाऊन बघावं लागतं. १९८१ मध्ये वीशाउस प्रिन्स्टनला आणि न्युसलाइन-फोलहार्ड ट्यूबिंगेनला गेल्या, त्यानंतर त्यांनी हेच काम हाती घेतलं. त्यातून बायकॉइड हे जनुक मिळालं. या म्युटंट आईच्या भ्रूणाला डोकं आणि छाती नसते. चांगल्या अंड्याच्या पुढच्या टोकातला थोडासा द्रव सुईनं काढून बिघडलेल्या अंड्यात टोचला, तर हरवलेले भाग पुन्हा उमटायला लागतात. द्रव अंड्याच्या मध्यावर टोचला तर डोक्याचे भाग मध्यावर. १९८८ मध्ये वोल्फगांग ड्रीव्हर यांच्यासोबत न्युसलाइन-फोलहार्ड यांनी दाखवलं की हे प्रथिन पुढच्या टोकाला दाट आणि मागे जाताना विरळ होत जातं, आणि किती दाट यावरून पेशीला आपली जागा कळते.

१९८५ पासून त्या ट्यूबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत संचालक होत्या आणि १९९५ चं नोबेल त्यांना लुइस आणि वीशाउस यांच्यासोबत मिळालं. नोबेलच्या आधीच त्यांनी पुन्हा पहिली पायरी धरली होती: गंगेच्या खोऱ्यातला, आपल्या मत्स्यालयांच्या दुकानांतही मिळणारा पट्टेरी झेब्राफिश. हजारो टाक्यांमध्ये तीच मांडणी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात करून बघितली आणि १९९६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाचा एक अंकच त्या म्युटंटनी भरला.

हेजहॉगचं पुढे काय झालं ते इथे सांगायलाच हवं. १९९३ मध्ये त्याची भावंडं कणा असलेल्या प्राण्यांत सापडली. बोटं कुठे यावीत आणि मेंदूचे दोन भाग कसे व्हावेत हे ती ठरवतात. हेजहॉगचा संदेश घेणारं पॅच्ड हे जनुकही १९८० च्या त्या पंधरातलंच. माणसात ते बिघडलं की त्वचेचा बेसल सेल कर्करोग होतो हे १९९६ मध्ये कळलं आणि २०१२ मध्ये अमेरिकेत याच संदेशमार्गाला अडवणाऱ्या व्हिस्मोडेगिब या औषधाला मान्यता मिळाली. काटेरी अळी मोजणाऱ्या दोघांच्या मनात तेव्हा कर्करोग नव्हता.

माझ्यासोबत माश्यांवर काम करणाऱ्या दोघी मूल झाल्यावर काम सोडून गेल्या. त्यातल्या एकीचे हात आमच्या सगळ्यांत हलके होते. तिच्या व्हायलीत बुरशी कधी यायची नाही. तिला अडचण आली ती विषयाची नव्हती, संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेची होती. म्हणून न्युसलाइन-फोलहार्ड यांनी २००४ मध्ये स्वतःच्या नावानं काढलेल्या प्रतिष्ठानाचे नियम वाचताना मी थबकले होते. मुलं असलेल्या तरुण संशोधक स्त्रियांना ते मदत करतं, आणि ती मदत उपकरणांसाठी किंवा परिषदेच्या प्रवासासाठी नसते. त्या पैशांतून घरकामाला माणूस ठेवायचं आणि मूल सांभाळायला कोणीतरी शोधायचं.